टोल माफ झाला, प्लगचे काय?

मा. सहकार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

विजेवर चालणाऱ्या मोटारीविषयीचे पत्र परिवहन खात्याऐवजी आपल्याकडे का, असे आपणांस वाटेल. मुंबईत ही मोटार रोजच्या वापरास सोयीची ठरणार की नाही, हे गृहनिर्माण संस्थेच्या सभेत ठरते, असा माझा अनुभव आहे.

मुलुंड पूर्व ते वांद्रे-कुर्ला संकुल असा माझा जाऊन-येऊन सुमारे 45 किलोमीटरचा प्रवास आहे. त्यासाठी गाडीला साधारण 7 युनिट वीज लागते आणि 15 अँपिअरच्या साध्या प्लगवर ती तीन तासांच्या आत भरून निघते. वाहतूक तुंबली तरी इंजिन इंधन जाळत बसत नाही, शिवाय ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परत येते.

अडले आहे ते पार्किंगमधल्या त्या एका प्लगपाशी. आमच्या समितीने आधी सामाईक मीटरच्या बिलाचा प्रश्न काढला. माझ्या सदनिकेच्या मीटरवरून स्वखर्चाने वायर आणतो म्हटल्यावर आगीचा काढला. मग विषय वार्षिक सभेपुढे गेला, आणि तेथे गच्चीच्या गळतीवरच रात्रीचे अकरा वाजले. शेजारच्या इमारतीतील एक गृहस्थ दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेंशनची वायर खाली सोडतात आणि पावसात तिच्या जोडावर दुधाची रिकामी पिशवी गुंडाळतात. समितीला ज्या आगीची भीती वाटते, ती लागायची तर अशा जोडातून आधी लागेल.

समितीची शंका अगदीच पोकळ आहे असे नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींतील वायरिंग पंखे आणि ट्यूबलाइट यांच्या हिशेबाने झालेले आहे. दहा गाड्या एकदम लागल्या तर मीटर रूमला तो भार झेपेल का, हे तपासलेच पाहिजे. पण ती तपासणी जाणकाराने करावी, सभेत हात वर करून नव्हे. केंद्राच्या आदर्श इमारत नियमांत 2019 साली झालेली, 20 टक्के पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय ठेवण्याची तरतूद नव्या इमारतींसाठी आहे. राज्याच्या 2025 च्या विद्युत वाहन धोरणाने अशा मोटारींना अटल सेतूवरील टोल माफ केला, त्याबद्दल आभार. मात्र त्या सेतूवरून मी वर्षातून चारदा जातो, आणि गाडी इमारतीच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये (स्टिल्टखाली) रोज रात्री उभी असते.

पुनर्विकासासाठी 4 जुलै 2019 रोजी सहकार कायद्याच्या कलम 79-अ खाली शासनाने निर्देश दिले होते. तसेच निर्देश येथेही द्यावेत: सभासदाचा खर्च, त्याचेच मीटर, स्वतंत्र अर्थिंग आणि परवानाधारक वीज ठेकेदाराचा दाखला असेल, तर समितीने 30 दिवसांत निर्णय द्यावा, नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावे, म्हणजे उपनिबंधकांकडे दाद मागता येईल.

आमची पुढील वार्षिक सभा सप्टेंबरात आहे. विषयपत्रिकेत माझा अर्ज अकराव्या क्रमांकावर आहे. गच्चीची गळती दुसऱ्या.

आपला विश्वासू,
मुलुंड पूर्व येथील एक सभासद