आधी चौपट परतफेड

श्रीमंती म्हणजे देवाची पसंती, असे सांगणाऱ्या प्रवचनांचे कौतुक करणारा रविवारच्या पुरवणीतील लेख पटला नाही. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायातील जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार, चांगला गबर. येशू त्याच्या घरी उतरला आणि त्याची तिजोरी रिकामी होऊ लागली : अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत. या घराला तारण (पापातून सुटका) मिळाले, हे येशूचे शब्द त्यानंतरचे आहेत. माझी आजी इथे सोलापुरात विड्या वळायची. तंबाखूने पिवळी पडलेली तिची बोटे दर रविवारी दानाच्या थैलीत आठ आणे टाकत. ती गरीबच गेली. म्हणून तिचा विश्वास उणा होता का? कामगारांची मजुरी थकवून चर्चला मोठी देणगी देणाऱ्याचे मन पालटले, असे मी मानणार नाही.

– एक वाचक, सोलापूर