आधी चालवून दाखवा, मग मानक म्हणा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पुण्यातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी २६ वर्षे कॉम्प्युटर नेटवर्क शिकवले. पहिल्या तासाला फळ्यावर एकच ओळ लिहायची: ‘ढोबळ सहमती आणि चालणारा प्रोग्राम’. इंटरनेटची मानके, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे सामाईक नियम, ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेची ही ओळख संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९९२ साली शब्दांत मांडली. मुलांना ती फार आवडे.

नियम मात्र त्या ओळीइतका कडक नाही. संस्थेच्या १९९६ च्या नियमावलीत (दस्तऐवज क्रमांक ‘आरएफसी २०२६’) ‘प्रस्तावित मानक’ या पहिल्या पायरीसाठी चालणारा प्रोग्राम सहसा लागत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले दोन प्रोग्राम एकमेकांशी नीट बोलले पाहिजेत, ही अट वरच्या पायरीची. आणि वरच्या पायरीची वाट पाहतो कोण? आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते देण्याची नवी पद्धत, पहिल्या पायरीवर आले डिसेंबर १९९५ मध्ये, पूर्ण मानक झाले २०१७ साली. मधली जवळपास २२ वर्षे लोक ते वापरतच होते.

माझ्या सासूबाईंना इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत. त्यांना मी देवनागरीतला ई-मेल पत्ता काढून दिला, शेवटी ‘.भारत’ असलेला. माझे पहिले पत्र पोहोचले तेव्हा त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. पुढे एका कार्यालयाच्या ऑनलाइन अर्जात तोच पत्ता भरला, तर खाली लाल अक्षरांत ‘ई-मेल चुकीचा आहे’. त्यांनी चष्मा पुसून एकेक अक्षर पुन्हा तपासले. चूक त्यांची नव्हतीच. असे पत्ते चालावेत म्हणून २०१२ पासून प्रस्तावित मानके आहेत. फक्त त्या अर्जात देवनागरी पत्ता कोणी कधी भरून पाहिलेला नव्हता.

याच मानकांची २००८ मधली आवृत्ती ‘प्रायोगिक’ म्हणून काढली होती. वाटेत जुना सर्व्हर लागला तर पत्ता तिथेच बदलायचा, अशी तिच्यात सोय होती. प्रत्यक्ष वापरात ती फार किचकट ठरली आणि २०१२ मध्ये वगळली गेली. किचकटपणा कळला तो चालवून पाहिल्यावर! म्हणून प्रोग्राम चालतो याचा पुरावा पहिल्याच पायरीला मागावा, आणि त्यात इंग्रजीखेरीज निदान एका लिपीची चाचणी असावी, असे मला कळकळीने वाटते. सध्या मानकाच्या मसुद्यात ‘कोणी काय चालवून पाहिले’ हा भाग ऐच्छिक आहे, आणि अंतिम छपाईआधी तो काढून टाकायचा संकेत आहे. तो काढू नये. एआय प्रोग्रामांनी एकमेकांशी कसे बोलावे याचेही मसुदे आता या संस्थेपुढे येत आहेत. तिथे तर हे आत्ताच व्हायला हवे.

यावर आक्षेप असा की प्रोग्राम लिहायला मोठ्या कंपन्यांनाच परवडते, छोट्यांचे मसुदे मागे पडतील. तो मला खरा वाटतो. पण दुसरा प्रोग्राम कंपनीनेच लिहावा असे कुठे आहे? पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाची मुले दर वर्षी हजेरीचे आणि ग्रंथालयाचे तेच ते प्रोजेक्ट करतात. आयईटीएफचे मसुदे कोणालाही फुकट वाचता येतात, सदस्यत्वाची अट नाही. एखाद्या विभागप्रमुखांनी यंदा चार मुलांना एक मसुदा नेमून द्यावा. शनिवारी सकाळी मी मोकळी असते, विनामोबदला येऊन शिकवीन.

एक निवृत्त अध्यापिका,
कर्वेनगर, पुणे ५२