बरणीतला हात

महोदय,

अद्भुत कादंबरी म्हणजे लहान मुलांची करमणूक, हा समज किती घट्ट रुजला आहे, याचा प्रत्यय मला आमच्या वाचनालयाच्या पुस्तक खरेदीच्या वेळी आला. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची 1996 साली प्रसिद्ध झालेली ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ ही कादंबरी आणि तिचे पुढचे चार भाग घ्यावेत, असे मी सुचवले, तेव्हा ड्रॅगनच्या गोष्टी मोठ्यांच्या कपाटात कशाला, असे उत्तर मिळाले. दूरचित्रवाणी मालिकेमुळे हे नाव घरोघरी पोहोचले. मूळ ग्रंथ मात्र फार थोड्यांनी उघडला असावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या कथेत उत्तर सीमेवर 700 फूट उंचीची बर्फाची भिंत आहे. तिच्यापलीकडून येणारे आक्रमण नेमके कोणाचे आणि कशासाठी, हे पाच भाग संपले तरी उलगडत नाही. भिंतीवरच्या 19 गढ्यांपैकी केवळ तीन नांदत्या उरल्या आहेत, पहारेकरी हजाराच्या आत आले आहेत, आणि दक्षिणेतले राजे त्याच वेळी सिंहासनासाठी एकमेकांच्या जिवावर उठले आहेत.

दुसऱ्या भागातला एक प्रसंग मी कितीदा वाचला असेन. मृत्यूनंतरही बोटे हलवणारा एका प्रेताचा हात बरणीत घालून सीमेवरचा दूत तो पुरावा म्हणून राजधानीत आणतो. जुन्या वैरापोटी तिथला कारभारी त्याला दिवसेंदिवस ताटकळत ठेवतो. भेट मिळेपर्यंत हात कुजून गेलेला असतो. प्रेते नीट पुरा, म्हणजे ती चालत येणार नाहीत, असे सांगून कारभारी त्याला फावडी देऊ करतो आणि अवघा दरबार हसतो. हा कारभारी मूर्ख नाही, दुष्टही नाही; वाचकाचा तो लाडका आहे. म्हणूनच हा प्रसंग जिव्हारी लागतो, आणि राज्यकारभाराविषयी इतके नेमके भान देणारे लेखन पोरकट कसे ठरवता येईल, हे मला कळत नाही.

शिवाय अद्भुताचे मराठीला वावडे कधीच नव्हते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ 1861 सालची आहे. आपली कादंबरी अगदी सुरुवातीच्या काळातच या वाटेने गेली.

पुढील खरेदीसाठी मी हीच मागणी पुन्हा लेखी दिली आहे. इतर वाचनालयांच्या सभासदांनीही आपापल्या ग्रंथनिवड समितीकडे ती नोंदवावी आणि आपल्या पुरवणीने अशा ग्रंथांच्या परीक्षणांना जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा