सेंद्रिय द्राक्षबागेतही फवारणी होते

महोदय,

सेंद्रिय वाइनवरील आपला लेख वाचला. ‘बागेत फवारणीच नाही’ हे त्यातलं वाक्य मात्र खटकलं. केवडा (पानांवरचा बुरशीचा रोग) आला की सेंद्रियवालाही बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं द्रावण, मारतो. मोरचुदातलं तांबं मातीत साचतं, म्हणूनच युरोपीय संघाने हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोची मर्यादा घातली आहे.

बायोडायनॅमिक ही सेंद्रिय शेतीचीच एक पद्धत याच्याही पुढे जाते. तिचा उगम ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४च्या व्याख्यानांत. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर पुरायचं, वसंतात काढून त्यातलं थोडंसं पाण्यात तासभर ढवळायचं; आधी एका दिशेने, मग उलट. चंद्र-ग्रहांची स्थिती पाहून कामं करायची, हे तिचं गणित मला (खरं सांगायचं तर) पटत नाही. पण जो स्वतंत्र वाइनकार हे पाणी पाठीवर घेऊन ओळीओळीने फिरतो, त्याला पानावरचा केवड्याचा पहिला तेलकट पिवळा डाग इतरांच्या आधी दिसतो. गुण शिंगाचा की पायपिटीचा, कोण जाणे!

आणि सेंद्रिय म्हणजे सल्फाइट (वाइन टिकवणारं रसायन) मुळीच नाही, असंही नाही. युरोपात कोरड्या सेंद्रिय रेड वाइनला लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइटची मुभा आहे. एवढी दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, ही विनंती.

— एक नियमित वाचक