मीनलला पत्र : विडीकाम, उजेड आणि पुरस्कार

सोलापूर

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

डॉक्युमेंटरी फोटोग्राफीच करायची हे तुझं पक्कं झालं, आम्हाला ते मनापासून पटलंय. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांच्या पुरस्कारांबद्दल लिहिलंस. २००५ साली नॅशनल जिओग्राफिकचा ऑल रोड्स पुरस्कार, २०१६ साली पद्मश्री, सगळं खरं. पण वृत्तपत्राचं काम सांभाळून हा माणूस मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांकडे वर्षानुवर्षं जात राहिला, ते आधी बघ.

म्हणूनच पूर्व भागातल्या विडी कामगार बायका हा तुझा विषय मला आवडला. तिथं पुन्हा पुन्हा जाता येईल. नुसतं विडी वळताना टिपू नकोस. ते सगळेच टिपतात. पान भिजवणं, कापणं, तंबाखू भरणं, दोरा गुंडाळणं, मग कारखान्यात माल देताना तपासणीत बाद होणाऱ्या विड्या. बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते, त्यामुळे बाद झालेली जुडी बघतानाचा तिचा चेहरा फार काही सांगतो.

बायका उजेडासाठी दाराशी बसतात. तू समोरून काढलंस तर मागचं दार पांढरंफट्ट होईल आणि चेहरा काळा पडेल. दाराच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून बस, दार फ्रेमबाहेर ठेव, एक्स्पोजर हातांवर घे. ३५ एमएमची लेन्स त्या खोलीला पुरते. फ्लॅश नको.

यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलीस तर ट्यूबलाइट घात करते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवलास की फोटोत काळे पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० ठेव, सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर बंद कर. १/५० ला मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा पुसट येईल, येऊ दे; वेग दिसतो. लेन्स मात्र बाहेरच बदल, सुताचं तूस सेन्सरवर बसतं.

परवानगी मालकानं दिली तरी कामगाराला वेगळं विचार. नाव, गल्ली, तारीख, काय चाललं होतं, हे त्याच दिवशी वहीत उतरव. कॅप्शन चुकली की चांगला फोटोही वाया जातो. फाइल्सच्या तीन प्रती ठेव, त्यातली एक दुसऱ्या घरी. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल, कधीच पुसू नकोस. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत पुढच्या फेरीत मूळ फाइल मागतात, आणि फोटोतली एक वायर जरी पुसलेली असली तरी बाद करतात.

पैशाचं सांगतो. सुरुवातीची काही वर्षं या कामातून घर चालणार नाही. लग्नाच्या ऑर्डरी घे, त्यात कमीपणा नाही. पण कुठल्याही संस्थेचं काम घेताना आधी लेखी करार कर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, उलट करार नसेल तर, काम देणाऱ्याकडे जातो. हे पुष्कळांना फार उशिरा कळतं.

गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा निवडलेल्या साठेक फोटोंच्या ४ बाय ६ च्या प्रिंट घेऊन ये. पुढच्या खोलीत सतरंजीवर मांडू आणि दहा ठेवू. सारखे वाटणारे दोन असले तर एक जाणारच, तुझा कितीही लाडका असला तरी.

तुझा
बाबा