ओढ्याकडचं रान विकू नका

धायरी, पुणे

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "सोन्याच्या उपचारासाठी ओढ्याकडचे वीस गुंठे काढून टाकू, गिऱ्हाईक आलंय." मी गप्प राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं आणि मग तुम्ही दोघं रात्रभर जागे राहिला असता. आज माझं पोरगं लवकर झोपलं, म्हणून लिहायला बसले. बाबा, ते रान विकू नका.

काकांनी ग्रुपवर टाकलेली ती जाहिरात मीही बघितली. अंगातल्याच पेशी काढून पुन्हा अंगात सोडायच्या, काही लाख खर्च, आणि मूल बोलायला लागतं म्हणे. तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण दोन वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी मी जाऊन आले. भिंतीभर मुलांचे फोटो होते आणि पहिल्याच भेटीत हप्ते कसे पाडून मिळतील ते समजावणारी बाई होती. सोन्याकडे मान वर करून कुणी बघितलंसुद्धा नाही. मग मी त्याच्या डॉक्टरांना विचारलं. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंच सांगितलंय, की ऑटिझमसाठी स्टेम सेलचे, म्हणजे असले पेशी सोडायचे उपचार करू नयेत. सोन्याला ऑटिझम आहे, म्हणजे त्याच्या मेंदूची घडणच वेगळी आहे बाबा, जन्मापासून. आणि आई, पोटात असताना ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं, हे आता मनातून काढून टाक. तुझ्या हातून काही चुकलं नाही. माझ्याही नाही.

पैसे जातात कुठं असं बाबा दरवेळी विचारतात आणि मी "भागतंय" म्हणून विषय बदलते. आज सगळं सांगते. पगार हातात येतो ४२ हजार. भाडं साडेअकरा हजार. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं आणि हालचाली शिकवतात ती, आठवड्यातून तीनदा, एका वेळचे ७००. बोलायला शिकवायची स्पीच थेरपी दोनदा, एका वेळचे ८००. दोन्ही मिळून महिन्याला १४ हजार ८००. दुपारी त्याला सांभाळणाऱ्या मावशींचे सहा हजार. उरतात ९ हजार ७००, त्यात किराणा, लाईटबिल, रिक्षा, दवाखाना. कोर्टानं ठरवून दिलेले त्याच्या वडिलांचे पैसे कधी येतात, कधी दोन-दोन महिने येत नाहीत, म्हणून ते मी हिशोबात धरतच नाही. सोन्याला ताप आला आणि सेशन बुडालं तरी पैसे भरावे लागतात, वर माझी रजा बिनपगारी. गेल्या पावसाळ्यात असे नऊ दिवस गेले. तेव्हा तू दिलेली चेन गहाण ठेवली होती, आई. सोडवून आणलीय, काळजी करू नकोस.

दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं. त्यासाठी दवाखान्यात चार खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला तो रांगेतच कान दाबून जमिनीवर आडवा झाला. मागून एक बाई म्हणाली, "दोन ठेवून द्या, गप बसेल." मी त्याच्याशेजारी फरशीवर बसले आणि त्याच्या पाठीवर तळहात घट्ट दाबून धरला. त्याला हलकं कुरवाळलेलं सोसत नाही आई, दाबून धरलं की श्वास संथ होतो. हे लक्षात ठेव, तुला लागणार आहे.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय म्हणून आरोग्य विमा योजना आहे, तिचा फॉर्म भरलाय. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण असतं आणि थेरपीचाही काही खर्च त्यात बसतो. आधी आपण भरायचे, पावत्या जोडायच्या, मग परत मिळतात. म्हणून पावत्यांची फाईल मी देवासारखी जपते. इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत अशा मुलासाठी ७५ हजारांची वजावट आहे, पण माझ्या पगाराला टॅक्सच बसत नाही, तर वजा कशातून करणार? ज्याला खरी ओढाताण आहे त्याच्यापर्यंत ही सवलत पोचतच नाही, याचा मला राग येतो. पुढच्या वर्षी पहिलीसाठी आरटीईचा, म्हणजे खासगी शाळेतल्या मोफत जागांचा फॉर्म भरेन, तिथं दिव्यांग मुलाला उत्पन्नाची अट नसते.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात थेरपीच्या मॅडमना मी विचारलं, तीनाचे दोन दिवस केले तर पोरगा मागे पडेल का? त्या म्हणाल्या, घरी रोज करून घेतलंत तर नाही पडणार, माझ्याकडं तो पाऊण तास असतो, तुमच्याकडं अख्खा दिवस. आणि काय करायचं ते कागदावर लिहून दिलं. कणीक मळायची, ओले कपडे पिळायचे, भरलेली लहान कळशी उचलून न्यायची, परातीत मूग पसरून त्यात लपवलेल्या वस्तू शोधायच्या, शेंगा फोडायच्या. वाचता वाचता मला आपलं गावचं घरच दिसायला लागलं. सांध्यांना जोर पडला की त्याचं अंग शांत होतं आणि मग तो माणसाकडं बघतो. मे महिन्यात परसातल्या झाडांना पाणी घालायला बाबांच्या मागं मागं छोटी बादली घेऊन फिरत होता, आठवतंय? त्या आठ दिवसांत एकदाही रात्री उठून रडला नाही.

मंगळवारचं सांगते. त्याला तहान लागली की माझा हात धरून माठाकडं ओढतो. मी ग्लास भरला, त्याच्यासमोर धरला आणि थांबले. द्यायची घाई करायची नाही, असं मॅडमनी बजावलंय. मनात आकडे मोजत होते. आठला त्यानं ग्लासाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं, ओठ मिटले, उघडले. "पा." साडेपाच वर्षं वाट बघितली मी या एका अक्षराची. ग्लास त्याच्या हातात दिला आणि ओट्याला धरून उभी राहिले.

तर मला हवंय ते एवढंच. शाळूची पेरणी उरकली की दोघं दोन महिने इकडं या. मावशींच्या मुलीचं बाळंतपण आहे, त्या गावी जाणार आहेत. मी कामावर असताना कागदावरचं तुम्ही करून घ्यायचं. एसटीला दोघांनाही अर्धंच तिकीट आहे. घर लहान आहे, पण मावेल सगळ्यांना. रान राहू दे. मी थकल्यावर सोन्याच्या नावावर काहीतरी असलं पाहिजे.

यंदाही तासगावच्या गणपतीच्या रथाला आम्ही येणार नाही. आई, तुला वाईट वाटतं ते कळतं मला. पण तो गुलाल, ते ढोल आणि ती गर्दी त्याला सोसत नाही. गर्दी ओसरल्यावर एखाद्या साध्या दिवशी जाऊ आपण त्याला घेऊन गणपतीला.

येताना मोठी परात आण, इथली अगदीच लहान आहे. आणि घरच्या शेंगा, वाळलेल्या. बाबा, आल्या आल्या त्याला "आजोबा म्हण" असं म्हणू नका. नुसते शेंगा फोडत बसा. तो आपणहून जवळ येतो.

तुमची लेक