'औषधे आहेत, मग लस कशाला?'

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला प्रतिजैविकांवरचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या अँटिबायोटिक औषधांवरचा, लेख वाचला. फ्लेमिंग यांनी लावलेला पेनिसिलिनचा शोध, पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना हे सगळे लेखकाने मन लावून लिहिले आहे, त्याबद्दल आभार. पिंपरीत 1954 साली युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने तो कारखाना उभा राहिला, त्याचे मोल आमच्या पिढीला कुणी सांगायला नको. पण शेवटच्या परिच्छेदात, एवढी जालीम औषधे हाताशी असताना लहान मुलांना इतक्या लशी टोचायचा अट्टहास कशाला, असा सवाल केला आहे. तो वाचून रात्रभर डोळा लागला नाही.

आरोग्यसेविका म्हणून माझी हयात गेली. घटसर्प मी डोळ्यांनी पाहिला आहे. ऊसतोडीच्या टोळीतले चार वर्षांचे पोर होते. त्रिगुणीच्या, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या एकत्र लशीच्या, पहिल्या डोसानंतर ताप आला, मांडीला गाठ आली, म्हणून आजीने पुढचे डोस घेऊच दिले नव्हते. घसा दुखतो म्हटल्यावर एका खासगी दवाखान्यात टॉन्सिल समजून सकाळ-संध्याकाळ प्रतिजैविकाचे इंजेक्शन चालू होते. आमच्या केंद्रात आणले तेव्हा मान दोन्ही बाजूंनी सुजून हनुवटीला भिडली होती. डॉक्टरांनी जीभ दाबून बॅटरी मारली तर घशात राखाडी पडदा, ओल्या चामड्यासारखा. कडेला जरा धक्का लागला की रक्त येत होते. मोठ्या रुग्णालयात हलवले, घटसर्पाच्या विषावरचे प्रतिविष मिळाले, श्वास मोकळा झाला, सगळ्यांना वाटले पोर हाती लागले. दुसऱ्या आठवड्यात त्याचे हृदय बंद पडले. आईने मला विचारले, "बाई, एवढ्या सुया मारल्या, मग पोरगं गेलं कसं?"

या प्रश्नाचे उत्तर लेखकाने समजून घ्यावे. घटसर्पाचा जंतू घशातच ठाण मांडून बसतो, रक्तात उतरते ते त्याचे विष. पेनिसिलिन जंतू मारते, सुटलेल्या विषाला ते काही करू शकत नाही. प्रतिविषसुद्धा रक्तात फिरणारे विष तेवढे निकामी करते. हृदयाला आणि मज्जातंतूंना एकदा भिनलेले विष मागे घेता येत नाही. लस पुरी घेतलेल्या मुलाच्या अंगात हे प्रतिविष आधीपासून तयार असते. धनुर्वाताचेही तेच. विळ्याने नाळ कापलेली बाळे पाचवी पुजून होते न होते तोच दूध ओढेनाशी व्हायची, जबडा मिटायचा, नुसता हात लागला तरी अंग ताठायचे. गरोदर बायांना लस टोचत गेलो, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, तेव्हा कुठे 2015 साली नवजात बाळांच्या धनुर्वाताचे देशातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. ते प्रतिजैविकाने झालेले नाही.

देवी, पोलिओ, गोवर हे तर विषाणूंचे रोग, तिथे प्रतिजैविक चालतच नाही. मूळ पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. 2022 मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवराने मुले दगावू लागली, तेव्हा डोस चुकलेली मुले घरोघरी फिरून शोधावी लागली. गोवरानंतर न्यूमोनिया झाला तर प्रतिजैविक लागते, हे मान्य. पण गोवरच झाला नाही तर?

आता ज्या औषधांच्या भरवशावर लशी सोडायला सांगता, त्यांची गतही बघा. आमच्या चौकातल्या औषध दुकानात पट्टी कात्रीने कापून दोन-दोन गोळ्या देतात. चिठ्ठी मागत नाहीत. पट्टीवरची लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये, हे देणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला नाही. ताप उतरला की लोक उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवतात आणि पुढच्या खेपेला शेजारणीला देतात. अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतात, हा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेलच्या व्याख्यानातच दिला होता. लेखात तो यायला हवा होता. आणि संपादक महोदय, आपल्याच आरोग्य सल्ल्याच्या सदरात गेल्या महिन्यात सर्दीसाठी प्रतिजैविकाचे नाव मात्रेसकट छापून आले होते. सर्दी विषाणूने होते. त्यावर मी तेव्हाही पत्र पाठवले होते, ते छापले गेले नाही.

आपला अंक गावोगावच्या वाचनालयात जातो, अंगणवाडीताई तो मोठ्याने वाचून दाखवतात. त्रिगुणीचे बूस्टर दीड वर्षाला आणि पाच-सहा वर्षांना, मग दहा आणि सोळा वर्षांना टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस, हे डोस हटकून राहतात, कारण तोवर मूल धडधाकट दिसते. येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरात, हे वेळापत्रक छापावे आणि लेखातला तो परिच्छेद चुकीचा होता, असे स्पष्ट लिहावे, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, सातारा